एकतीस नंबरचा बिल्ला

टॅमरॅक बेसिन, कोलोरॅडो
रविवार, ८ डिसेंबर १९९६

प्रिय लूएला,

आज सकाळी नऊ इंच बर्फ होता. पाळणाघरात चौदा मुलं आली, त्यातली पाच रांगणारी. दुपारी वीस मिनिटं वीज गेली. बाकी दिवस नेहमीसारखा.

सोबत हातमोज्यांचा जोड पाठवते आहे. लाल लोकर, मनगटाशी पांढरी पट्टी. माझ्या इंग्रिडला लहानपणी असेच लागायचे. ॲनिका आता तीन वर्षांची झाली. आमच्याकडे येणाऱ्या त्या वयाच्या मुलींचे हात बघून अंदाजानं माप घेतलं आहे. दोन्ही मोजे हरवू नयेत म्हणून एका टाक्यानं जोडले आहेत. घालताना तो टाका कापावा लागेल. मागच्या वर्षीचा जोड पोचल्याचं तुम्ही कळवलं होतंत, त्याबद्दल आभार.

क्लेटनला मी दोन वर्षांत चार पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मी त्याला दोष देत नाही. बायको गेल्यावर सासूशी बोलत राहावं असं त्याच्यावर बंधन नाही, आणि माझ्याशी न बोलण्याला त्याच्याकडे कारणही आहे. पण तुम्ही लिहिता, आणि तेवढ्यावरच माझं ॲनिकाशी काही नातं उरलं आहे. मी तिला शेवटची पाहिली ती इंग्रिडच्या अंत्यविधीला. तेव्हा ती चौदा महिन्यांची होती.

माझं मागणं एकच आहे. तिच्या आईलाही एक आई होती आणि ती अजून आहे, हे तिला कुणीतरी सांगावं. भेट नाही झाली तरी चालेल. एक फोटो मिळाला तर बरं होईल.

बावीस तारखेला इंग्रिडला जाऊन दोन वर्षं होतील. मी सुट्टी घेणार नाही. नाताळच्या आठवड्यात पाळणाघर भरलेलं असतं.

व्हर्ना हॉलबर्ग


फोर्ट वर्थ, टेक्सस
३ जानेवारी १९९७

विहीणबाई,

तुझं पत्र वाचलं की हवामानखात्यानं मला खासगी निरोप पाठवलाय असं वाटतं. किती इंच, किती मुलं, वीज किती मिनिटं गेली. अगं, तू जेवलीस का, रडलीस का, कुणाशी भांडलीस का, यातलं काही लिहीत जा की.

हातमोजे पोचले. आमच्याकडे नाताळात लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते, तरी पोरगी ते घालूनच झोपली. काढायला गेलं की ओठ काढायची. फोटोचं बघते. क्लेटनचा कॅमेरा बिघडलाय.

त्याची नवी बायको शॅनन चांगली आहे. नावं ठेवायला मी मनापासून शोध घेतला, काही सापडेना. भाजी पाण्यात उकडून ठेवते, एवढंच. ॲनिका तिला मम्मी म्हणते. तुला हे वाचून कसं वाटेल ते मला कळतं, पण माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर जास्त लागलं असतं.

आता एक काम. आमच्या चर्चच्या बायकांना मार्चमध्ये बर्फात जायचं खूळ लागलंय. माझे गुडघे तुला माहीत आहेत. मी काही पायाला फळ्या बांधून डोंगरावरून स्वतःला सोडून देणार नाही. तर माझ्यासारखीनं तिथं दिवसभर करायचं काय? दुकानं कशी आहेत? कुणी नातवंडं आणली तर त्यांची काय सोय? सगळं नीट लिही. इंच नको लिहूस.

लूएला


टॅमरॅक बेसिन
रविवार, १९ जानेवारी १९९७

प्रिय लूएला,

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर जमेल तसं देते.

स्कीइंग न करणारी माणसं इथं पुष्कळ येतात. काही जण तर आठवडाभर राहतात आणि बुटाला बर्फ लागू न देता परत जातात. चौकातल्या फरशीखालून गरम पाण्याचे नळ गेले आहेत, त्यामुळे तिथं बर्फ साचत नाही. तुमच्या गुडघ्यांना ते सोयीचं पडेल. चौकाच्या मध्ये स्केटिंगचं मैदान आहे. बाजूला शेकोट्या आणि बाकं आहेत. घोड्यांची घसरगाडी चार वाजता निघते, घोंगड्या देतात. रोपवेनं वर जाऊन जेवून, परत पाळण्यात बसूनच खाली येता येतं. लहान मुलांना रबरी ट्यूबवर बसवून घसरायला एक वेगळा उतार आहे. फरकोटांची दोन दुकानं आहेत, दागिन्यांची तीन. खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत आगगाडी फिरते. तिथं मोठी माणसंच जास्त उभी असतात. तीन वाजता हॉटेलांचे आचारी पांढऱ्या टोप्या घालून चौकात येतात आणि गरम कुकी वाटतात. फुकट. फरकोटवालेही रांगेत उभे राहतात.

पाळणाघराचं नाव अस्वलघर. मी तिथं तेवीस वर्षं आहे. दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची मुलं घेतो. झोपायला गाद्या, दुपारी गरम चॉकलेट, ओले मोजे आणि हातमोजे सुकवायला खुंट्या आणि गरम हवेचा पंखा. आईवडिलांना पेजर देतो. मूल फार रडलं तर बोलावता येतं.

एक गोष्ट तुमच्या मैत्रिणींना आधी सांगून ठेवा. सकाळी पिवळं कार्ड भरावं लागतं. मुलाला कोण न्यायला येणार त्यांची नावं त्यावर लिहायची. मुलाच्या कोटाला नंबरचा बिल्ला लावतो, त्याच नंबरचा दुसरा बिल्ला पालकाकडे देतो. ज्याचं नाव कार्डावर नाही त्याच्या हाती मूल जात नाही, मग तो कुणीही असो. दरवर्षी आजोबा-आजी यावरून दाराशी भांडतात. मी तरी सोडत नाही.

पूर्वी मी इतकी कडक नव्हते. इंग्रिड गेली त्या दिवशी तिनं विमानतळावरून फोन केला, घाटाचा रस्ता कसा आहे म्हणून. क्लेटन आणि बाळ दोन दिवसांनी येणार होते. ती पुढे एकटीच आली होती. रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं, चाकांना साखळ्या लावल्याशिवाय जाऊ नये. पण इथं आम्ही पाटी कुणी वाचत नाही. बर्फ लोटणारी गाडी वर जाऊन परत आली की रस्ता चांगला, असं आम्ही म्हणतो. मी खिडकीतून ती गाडी परत येताना पाहिली होती. म्हणाले, ये, रस्ता चांगला आहे. तिची गाडी भाड्याची होती, टायर उन्हाळी. टेक्ससमध्ये सात वर्षं राहून तिच्या ते लक्षात राहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

तुम्ही सविस्तर लिहायला सांगितलंत म्हणून लिहिलं. बर्फ किती पडला ते लिहिलेलं नाही.

व्हर्ना


फोर्ट वर्थ
२० फेब्रुवारी १९९७

व्हर्ना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटचा भाग एकदाच. त्यावर काय लिहावं हे मला सुचत नाही, आणि मला काही सुचत नाही असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

चर्चच्या बायकांचा बेत फिसकटला. कोण कुणाच्या खोलीत झोपणार यावरून. मार्चच्या सुट्टीत आम्ही सगळे गॅल्व्हेस्टनला समुद्रावर जाणार आहोत. मी वाळूत बसून कोळंबी खाईन आणि लोकांच्या पोटांकडे बघेन.

आता दुसरी गोष्ट. ती लपवून ठेवणं बरोबर नाही. शॅनन ॲनिकाला कायदेशीर दत्तक घेणार आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात न्यायाधीशांपुढे सह्या होतील. त्यानंतर जन्मदाखला नवा येतो आणि त्यावर आई म्हणून शॅननचं नाव असतं. इंग्रिडचं राहत नाही. मी क्लेटनला म्हटलं, निदान पोरीला सांगून तरी ठेव. तो म्हणाला, मोठी झाली की सांगू. मोठी म्हणजे केवढी, असं विचारलं तर उठून गाडी धुवायला गेला.

त्याला तू आत्ता पत्र लिहू नकोस. माझं ऐक. थोडं थांब. माझ्यावर सोड.

लूएला


टॅमरॅक बेसिन
सोमवार, १० मार्च १९९७

प्रिय लूएला,

आज आकाश मोकळं होतं. अस्वलघरात बावीस मुलं आली, बहुतेक टेक्ससची, तिकडे सुट्टी आहे म्हणून. त्यातली एक ॲनिका होती.

तुम्ही गॅल्व्हेस्टनला असाल असं समजून लिहिते आहे. त्यांचा बेत बदलला ते तुम्हालाही कळलं नसावं. हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर आठवडा संपलेला असेल, हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

तिला शॅनन सोडून गेली, आणि संध्याकाळी न्यायलाही तीच आली. क्लेटन स्की भाड्यानं घेण्याच्या रांगेत होता असं ती म्हणाली. मी तिला ओळखत नव्हते आणि ती मला. माझ्या छातीवरच्या पट्टीवर नुसतं व्हर्ना लिहिलेलं असतं. मी कार्ड पुढे केलं, तिनं भरलं, आणि मी ते खिळ्याला अडकवायला घेतलं तेव्हा नाव वाचलं. ॲनिका इंग्रिड प्रूइट. न्यायला येणाऱ्यांच्या रकान्यात दोन नावं, क्लेटन आणि शॅनन. बिल्ला एकतीस नंबरचा.

शॅनननं विचारलं, ती रडली तर काय करता? मी म्हणाले, बहुतेक मुलं दहा मिनिटांत थांबतात. ॲनिका रडलीच नाही. भिंतीवरचं अस्वल खरं आहे का, असं तिनं मला विचारलं. मी खोटं आहे म्हणाले. ती म्हणाली, मग त्याला हात लावते.

हातमोजे दुकानातले होते, जांभळे. लाल दिसले नाहीत. घरी राहिले असतील. बाहेर नेताना मी प्रत्येक मुलाच्या हातमोज्यात आधी तोंडानं फुंकर घालते, आत ऊब यावी म्हणून. ती म्हणाली, परत कर. चार वेळा केलं.

तिची हनुवटी इंग्रिडची आहे. चालणं क्लेटनचं.

मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, ते कुणाला विचारावं हे मला कळत नाही. आईवडिलांनी विश्वासानं मूल माझ्याकडे दिलं आहे. मी कोण हे त्यांना माहीत असतं तर दिलं नसतं.

व्हर्ना


टॅमरॅक बेसिन
गुरुवार सकाळ, १३ मार्च

व्हर्ना,

हा कागद लॉजचा आहे, वरती डोंगराचं चित्र आहे ते बघून तुला कळलंच असेल. तासाभरात आम्ही निघतोय. हे पत्र खालच्या काउंटरवर तुझ्यासाठी ठेवून जाते.

काल तू माझ्या तोंडावर अर्धं दार लावलंस, ते मी जन्मात विसरणार नाही. पण आधी माझं सांगते.

चर्चची सहल नव्हती. गॅल्व्हेस्टनही नव्हतं. इथं यायचं मी ठरवलं. तुझं जानेवारीचं पत्र क्लेटनला वाचून दाखवलं, माहितीपत्रक म्हणून. गरम फरशी, कुकी, घसरगाडी, सगळं. तो म्हणाला, तिथं तर त्या आहेत ना? मी म्हणाले, नाहीत, नोकरी सोडून बहिणीकडे डलूथला गेल्या. मला वाटलं होतं तू पोरीला बघशील आणि तुझं तुला कळेल. तुला आधी सांगितलं असतं तर तू क्लेटनला पत्र लिहून परवानगी मागितली असतीस. मी तुला ओळखते. निदान मला तसं वाटत होतं.

सोमवारी आणि मंगळवारी मी स्केटिंगच्या मैदानाजवळच्या बाकावर कॉफी घेऊन बसले होते. तिथून तुमची मोठी खिडकी दिसते. तू तिला बूट घालताना पाहिलं. वाटलं, आज सांगेल. नाही सांगितलंस. मंगळवारीही नाही.

काल वारा सुटला, रोपवे बंद पडला, हे दोघं वर अडकले. मला वाटलं, देवानं दिला तो हा तास. तीनला दहा कमी होते. मी तुझ्या दाराशी आले आणि म्हटलं, कोट घाल, पोरीला घे, तिघी चौकात जाऊ. तिच्या हातात कुकी देऊ आणि दोघी मिळून सांगू. पुढच्या महिन्यात कागदावरून तिची आई जाईल, त्याच्या आधी एकदा तरी. तू मला बघून चकितसुद्धा झाली नाहीस. खिळ्यावरचं कार्ड काढलंस, वाचलंस.

म्हणालीस, "लूएला, तुमचं नाव नाही."

मी म्हटलं, "अगं, मी तिची सख्खी आजी आहे."

"मीही आहे. कार्डावर दोघींचं नाव नाही."

समोर चौकात कुकी वाटत होते. वास तुझ्या दारापर्यंत येत होता. मी तासभर त्या अर्ध्या दाराला टेकून उभी होते आणि तू मला पाणी विचारलंस.

बाकीचं तुला माहीत आहे. रात्रीच्या जेवणाला क्लेटननं सामान बांधायला सांगितलं. शॅनन रडली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आता आठवडा अर्धा सोडून घरी. मी त्याच्याशी खोटं बोलले, तुझ्याशी खोटं बोलले, आणि ते सगळं ज्याच्यासाठी केलं ते तू पिवळ्या कार्डासाठी घालवलंस.

लूएला


टॅमरॅक बेसिन
रविवार, १६ मार्च १९९७

प्रिय लूएला,

तुमचा राग बरोबर आहे. मी पाणी विचारलं तेव्हा खुर्ची द्यायला हवी होती.

तुम्हाला दिसलं नाही तेवढं लिहिते.

मंगळवारी मुलांकडून घरातल्या माणसांची चित्रं काढून घेतो. मूल सांगेल ती नावं आम्ही खाली लिहायची. ॲनिकानं चार गोल काढले. मम्मी, डॅडी, लू म्हणजे तुम्ही, आणि कुत्रा. मी चारही नावं लिहिली. आणखी कुणी आहे का, असं मी विचारलं. हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो. तिनं विचार केला आणि कुत्र्याला शेपूट काढलं.

बुधवारी तुम्ही दारावरून लाल हातमोजे आत दिलेत आणि म्हणालात, हे तरी घाल तिला. दोन्ही मोज्यांमधला टाका तसाच होता. मी तो घालते तसा दुसऱ्या कुणाला घालता येत नाही, गाठ आतल्या बाजूला असते. म्हणजे ते कधी घातलेच गेले नाहीत. तुमच्या कपाटात असतील. ती ते घालून झोपायची, हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत, हे मला समजलं. दोन महिने मला बरं वाटलंही.

मी कात्रीनं टाका कापला आणि तिला घातले. घट्ट झाले. माझा अंदाज चुकला, ती आमच्या इथल्या मुलींपेक्षा मोठ्या हाडाची आहे. ती म्हणाली, हे लूनं आणले. मी हो म्हणाले.

तुम्हाला मूल का दिलं नाही ते मी चार दिवस स्वतःला विचारते आहे. नियम होता म्हणून, असं उत्तर देता येईल. पण तेवढंच नाही. एकदा मी पाटी सोडून स्वतःच्या शब्दावर एका माणसाला पुढे येऊ दिलं. बुधवारी तुम्ही म्हणालात, घे कोट आणि चल, आणि मला यायचं होतं. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त यायचं होतं. पण हात दाराच्या कडीकडे गेला नाही. यात शहाणपण किंवा प्रामाणिकपणा काही नव्हता. नुसता हात गेला नाही.

चारच्या सुमारास क्लेटन आला. तुम्हाला त्यानं बाहेर बाकावर बसायला पाठवलं, म्हणून पुढचं तुम्हाला ऐकू आलं नसेल. त्यानं बिल्ला पुढे केला. मी नंबर जुळवला. दोन वर्षांत तो पुष्कळ पिकला आहे. तो ॲनिकाचा कोट लावत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

मग म्हणाला, "तिला काही सांगितलंत?"

मी म्हणाले, "नाही."

"तीन दिवसांत काहीच नाही?"

"नाही."

"बरं केलंत," तो म्हणाला.

त्यानं तिच्या हातातले लाल मोजे काढले. इंग्रिडचे तसेच त्यानं पाहिलेले असणार. फेकले नाहीत. शेल्फवर एकावर एक नीट ठेवले, आणि खिशातून जांभळे काढून तिला घातले. तिनं ते माझ्यापुढे धरले, फुंकर घालायला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो दाराकडे बघत होता. मी फुंकर घातली नाही. त्यांना बाय केलं.

लूएला, मी काही सांगितलं नाही म्हणून त्याचा माझ्यावर विश्वास बसला असेल, असं मी गुरुवारी दिवसभर मनाशी धरून होते. शुक्रवारी तेही गेलं. त्याला मी हवी तशी वागले, एवढंच.

व्हर्ना


फोर्ट वर्थ
५ एप्रिल १९९७

व्हर्ना,

घरी आले तेव्हा पेटीत तुझं सोमवारचं पत्र होतं. कुणाला विचारावं कळत नाही, असं तू मला लिहीत होतीस, आणि मी शंभर पावलांवर बाकावर बसून तुला शिव्या घालत होते. त्या दिवशी मी उठून काच वाजवली असती तर पुढच्या दोन दिवसांत काहीतरी झालं असतं. कदाचित तू तेव्हाही कार्ड वाचलं असतंस. माहीत नाही. तुझ्यावर मी राग धरलेला नाही. तो मी आता माझ्यासाठी ठेवलाय.

सह्या बुधवारी झाल्या. पाच मिनिटं लागली. न्यायाधीशांनी पोरीला फुगा दिला. दाखला टपालानं येईल.

क्लेटननं मला बसवून सांगितलं. पोरीला भेटायचं असेल तर तुला पत्र लिहायचं नाही आणि तुझी घ्यायची नाहीत. आवाज चढवला नाही, म्हणूनच मला कळलं की तो बोलतोय ते खरं आहे. मी त्याला म्हटलं, ती बाई तुझ्या पोरीला तीन दिवस सांभाळून गप्प राहिली, याचं काहीच नाही का? तो म्हणाला, आहे ना. म्हणूनच तर म्हणतोय की त्यांना त्रास देऊ नकोस.

मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला एकच नात आहे. तुला समजेल.

एक सांगायचं राहिलं, आणि हे खोटं नाही. परवा ती मोजे घालायच्या आधी त्यात फुंकर घालत होती. पायमोज्यांत. शॅनननं विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, अस्वलाकडे.

तुला हे सांगावं की न सांगावं यात मी आठवडा घालवला. उपयोग काही नाही त्याचा. ती विसरेल. अजून पंधरा दिवस लक्षात राहील.

हे शेवटचं नाही, असं लिहिणार होते. पण खोटं माझं पुष्कळ लिहून झालंय.

लूएला


टॅमरॅक बेसिन
रविवार, १३ एप्रिल १९९७

प्रिय लूएला,

हे पत्र मी टाकणार नाही, तेव्हा तुम्ही ते परत पाठवायचा प्रश्न येणार नाही. सवयीनं लिहिते आहे.

आज हंगामाचा शेवटचा दिवस. चार इंच ओला बर्फ. लोक दरवर्षीप्रमाणे चित्रविचित्र कपडे घालून खालच्या डबक्यातून स्की करत गेले, बहुतेक जण मध्येच बुडाले. अस्वलघरात तीनच मुलं होती, तीही दुपारी गेली. चौकातल्या दुकानांनी काचांना कागद लावले आहेत. खेळण्यांच्या दुकानातली आगगाडी थांबवली आहे. कुकी आज वाटल्या नाहीत. आचारी कालच गेले.

बाकीच्या मुली चार वाजता गेल्या. मी आवरायला थांबले. हंगाम संपला की वर्षभराची पिवळी कार्डं फाडायची असतात, मुलांची नावं कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. सगळी फाडली. तिचंही, ओळीनं हाताला आलं तेव्हा. नाव मधोमध तुटेल असं फाडायचं असतं. तसंच फाडलं.

मग राहिलेल्या वस्तू पाहिल्या. राहिलेली वस्तू तीस दिवस ठेवतो, नंतर गरजूंसाठी चर्चच्या खोक्यात जाते. एकूण अकरा टोप्या, एक दुधाची बाटली, सहा सुटे मोजे, आणि लाल हातमोज्यांचा एक जोड. त्यावर मीच चिठ्ठी लावली होती, बारा मार्च. तीस दिवस शुक्रवारी संपले. मी तो घरी न्यावा असं एकदा मनात आलं. पण घरी तो कुणाला घालणार? दोन-अडीच वर्षांच्या मुलाला बरोबर बसेल.

दोन्ही मोजे परत एका टाक्यानं जोडले, गाठ आत घेतली, आणि खोक्यात टोप्यांच्या वर ठेवले. सुकवणीचा पंखा बंद केला. खुंट्या पुसल्या. बाहेर पायरीवर संध्याकाळचा बर्फ साचला होता. उद्यापासून या दाराला कुणी येणार नाही. तरी फावडं घेतलं आणि पायरी झाडून काढली.